जबाबात न आलेली आंघोळ

माझ्या नोकरीच्या काळात मुळशी तालुक्यात पोटदुखीने मोठा कहर केला होता. खोटं वाटत असेल तर आमच्या ठाण्यातली अकस्मात मृत्यूची जुनी रजिस्टरं काढून बघा. नवी सून गेली, पोटदुखीला कंटाळून. तरणाताठा गडी गेला, पोटदुखीला कंटाळून. एवढी पोटं दुखत होती तर सरकारने तालुक्याला आणखी एक डॉक्टर तरी द्यायला हवा होता. पण ती पोटदुखी कुणाच्या पोटात नव्हती, माझ्या पेनात होती. घरचे सांगायचे, पोलीस पाटील मान हलवायचा आणि मी लिहायचो.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, त्यात 'दरोडे, खून वगैरे थरारक प्रसंग' असं होतं. संपादकांची माफी मागतो. माझ्या वाट्याला आले ते बांध कोरल्याचे तंटे, कोंबड्यांच्या चोऱ्या आणि जत्रेतली डोकी फुटणं. शिवाय मी हवालदार असलो तरी माझ्या हातात काठीपेक्षा पेन जास्त असायचं. मी फौजदारांचा रायटर होतो. आम्ही तांबोळी, वडिलांचं बाजारपेठेत पानाचं दुकान. शाळेत मास्तरांनी अक्षर घोटून घेतलं आणि त्या अक्षरावरच माझी सगळी नोकरी निघाली. आमच्या तांबोळींचा जबाब म्हणजे छापील पुस्तकाचं पान, असं फौजदार साहेब पाहुण्यांना सांगायचे. मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकतो.

रायटरचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. गुन्हा घडला की साक्षीदारांना बसवून त्यांचे जबाब लिहून घ्यायचे. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, पण शेवटची ओळ ठरलेली असते: माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे बरोबर लिहिला आहे. वास्तविक सांगणेप्रमाणे एकही जबाब लिहिला जात नसे. माणूस येतो, रडतो, शिव्या देतो, मध्येच म्हशीचं सांगतो. त्यातून रायटरने कामाचं तेवढं काढायचं आणि पोलिसी मराठीत बसवायचं. माझ्या हाताखालून गेलेला धनगरसुद्धा 'सदर इसम' आणि 'वर नमूद ठिकाणी' असं बोलायचा. कासार आंबोलीच्या एका म्हाताऱ्याला त्याचा जबाब वाचून दाखवला. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "लई ग्वाड लिवलंय हवालदार. पर ह्ये बोललं कोन?" अख्खं ठाणं हसलं. मीही हसलो.

आता ज्या कायद्याची ही गोष्ट आहे त्याबद्दल थोडं. दुसऱ्याला आत्महत्येला प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे, कलम तीनशे सहा, दहा वर्षांपर्यंत सजा. पण प्रवृत्त करणं म्हणजे काय? आमच्या मावळात भांडणाला तोंड फुटलं की तिसऱ्या वाक्याला 'मर तिकडं' येतंच. त्या प्रत्येकाला धरायचं म्हटलं तर तालुका ओस पडेल. एकदा चांदे गावचा एक गडी तणतणत आला. "बायको मला मर म्हनली. म्या आता मरनार हाय, पर आदी तिच्यावर केस लिवा." फौजदारांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं, "हे बघ, मेलास तर तिच्यावर केस होईल का नाही, सांगता येत नाही. पण मरायला जाऊन वाचलास, तर तुझ्यावर मात्र नक्की होईल. तोही गुन्हाच आहे." गड्याने चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाला, "ह्यो कसला कायदा? दोनी बाजूनं माजाच तोटा." आणि बायको वाट बघत असेल म्हणून उठून गेला.

तो गेल्यावर फौजदारांनी मला जे सांगितलं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं होतं. "तांबोळी, रागात तोंडातून गेलेला शब्द वेगळा आणि समोरच्याने मरावं म्हणून, त्याला दुसरी वाट न ठेवता टाकलेला शब्द वेगळा. कोर्ट विचारतं, नेमकं काय म्हणाला, कधी म्हणाला, त्यानंतर किती वेळात ते घडलं. या केसमध्ये शब्द हाच मुद्देमाल." मी मान हलवली. मला वाटलं, मला कळलं.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सासरच्या छळाचं वेगळं कलम अजून आलं नव्हतं, ते पुढे चार-पाच वर्षांनी आलं. गावाचं नाव लिहीत नाही. ठाण्यापासून सायकलने तासाभराची वाट, भाताची खाचरं आणि एकाच भावकीची पंधरा-वीस घरं. तिथल्या दत्तूची बायको इंदू एका संध्याकाळी विहिरीत सापडली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि दत्तूला दुसरी करायची होती. नेहमीप्रमाणे पोटदुखी तयार होती. दत्तूने सांगितली, त्याच्या चुलत्याने दुजोरा दिला आणि मी निम्मी लिहिलीसुद्धा. पण तिसऱ्या दिवशी इंदूचा बाप आणि भाऊ ठाण्यात आले आणि हटून बसले. फौजदारांनी गुन्हा दाखल केला आणि जबाब घ्यायला मला गावात पाठवलं.

चावडीवर बसून मी चार जबाब लिहिले. बाप, भाऊ, मामा आणि शेजारचा एक म्हातारा. चौघांनी आपापल्या परीने सांगितलं, मी माझ्या परीने लिहिलं. दुपार कलत आली तेव्हा एक बाई डोक्यावरचा पदर दातात धरून पायरीशी उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची असेल. तिचं नाव चंद्रा. दत्तूचा चुलतभाऊ बबन, त्याची ही बायको. दोन्ही घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत. भावकीतली सून भावकीविरुद्ध सांगायला आली, हे बघून पोलीस पाटलाने पान थुंकायच्या निमित्ताने बाहेरची वाट धरली.

"म्या सांगतीया तसंच लिवा," ती बसायच्या आधीच म्हणाली.

मी म्हणालो, "सांगा बाई."

तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी दुपारी दत्तूने घंगाळ भरून अंगणात आणून ठेवलं. इंदू दारात उभी होती. दत्तू अंगातल्या कपड्यांनिशी तिच्यासमोर बसला आणि त्याने डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. आमच्याकडे कुणी मेल्याची खबर आली की असं अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घेतात. मग तो ओल्या अंगाने उठला आणि इंदूला म्हणाला, "म्या तुजी आंगुळ केली. आता तू न्हाईस. दिस बुडायच्या आत जा, न्हाईतर भावकीत म्या खोटा पडंन." इंदू आत गेली, घर झाडलं, चुलीत पाणी मारलं, आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडली.

हे सांगताना चंद्राचा आवाज एकदाही हलला नाही. मी तिच्याकडे बघतही नव्हतो. माझं पेन आधीच्या चार जबाबांच्या वेगात चाललं होतं. मी लिहिलं: 'सदर आरोपीने मयतेस वेळोवेळी अपशब्द वापरून तिचा शारीरिक व मानसिक छळ करून तिला आत्महत्येस प्रवृत्त केले.'

का लिहिलं नाही मी ते घंगाळ, ते पाणी, ते बोलणं? याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. मला त्या आंघोळीचा अर्थ कळला नव्हता असं मुळीच नाही. मी याच मातीतला आहे. आमच्या दुकानासमोरच्या आळीत अशा आंघोळी मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. पण मला वाटलं, आंघोळ करणं हा काही गुन्हा नव्हे, आणि असलं गावंढळ बोलणं पुण्याच्या कोर्टात शोभणार नाही. माझं वाक्य कायद्याच्या पुस्तकाला शोभणारं होतं. खरं कारण एवढंच की मला तिच्या बोलण्यापेक्षा माझं वाक्य जास्त आवडलं.

मी जबाब वाचून दाखवला. तिने लक्ष देऊन ऐकला.

"ह्यात आंगुळ न्हाई."

"सगळं आलंय बाई त्यात. मानसिक छळ म्हणजे तेच."

"पर त्यो काय बोलला त्ये न्हाई."

"हे बघा, मला माझं काम कळतं. कोर्टाला असंच लागतं."

ती एक पायरी उतरली. मग म्हणाली, "तुमी शिकल्यालं मानूस. आसंल." आणि गेली.

खटला दोन वर्षांनी पुण्याला सेशन कोर्टात उभा राहिला. तोपर्यंत शेजारचा म्हातारा फितूर झाला होता, मामा वारला होता, आणि बाप-भाऊ तर त्या दिवशी गावात नव्हतेच. केस चंद्रावर येऊन थांबली. तिच्या घरच्यांनी तिला काय काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. तरी ती आली. एस.टी.ने एकटी आली. पिंजऱ्यात उभी राहिली आणि चावडीवर सांगितलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. सरकारी वकिलांनी लिहिता लिहिता मान वर केली, कारण त्यांच्या हातातल्या कागदात यातलं काहीच नव्हतं. न्यायाधीशांनीही चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. 'दिस बुडायच्या आत जा.' याहून उघड चिथावणी कुठली असणार?

मग दत्तूचे वकील उठले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"बाई, हे घंगाळाचं पोलिसांना सांगितलं होतं?"

"व्हय."

"जबाबात तर नाही."

"म्या तवाच म्हनले हुते, ह्यात आंगुळ न्हाई म्हनून. हवालदार म्हनले, आलंय समदं."

वकील हसले. "म्हणजे हवालदार खोटे?"

चंद्राने माझ्याकडे बोट केलं. मी उघड्या दाराबाहेर माझ्या पाळीची वाट बघत उभा होतो. "त्येंनाच इचारा," ती म्हणाली.

मला विचारलं गेलं. पण त्याआधी वकिलांनी माझे पाचही जबाब समोर ठेवले आणि प्रत्येकातलं तेच वाक्य सावकाश वाचून दाखवलं. पाचव्या वेळेला कारकूनसुद्धा गालात हसला. "हवालदार, पाच माणसं आणि तोंड एकच? मोठी एकवाक्यता आहे तुमच्या तालुक्यात." ज्या अक्षराचा मला गर्व होता त्याची भर कोर्टात खिल्ली उडत होती. माझे कान तापले.

मग प्रश्न आला. घंगाळ, आंघोळ आणि आरोपीचे ते उद्गार साक्षीदाराने आपल्याला सांगितले होते काय?

या प्रश्नाला पोलीस खात्यात एक ठरलेलं उत्तर आहे. नव्या शिपायालाही पाठ असतं. खरं सांगावं तर 'सांगितलेलं लिहिलं नाही' म्हणून चौकशी लागणार. जमादाराच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. जुने फौजदार बदलून गेले होते. नव्यांनी सकाळीच बजावलं होतं, "जास्त बोलू नका." हे सगळं खरं, पण ही नंतर शोधलेली कारणं आहेत. त्या क्षणी मला फक्त त्या हसण्यातून सुटायचं होतं. मी म्हणालो, "साक्षीदाराने तसे सांगितले असते, तर मी लिहिले असते."

चंद्रा मागच्या बाकावर बसली होती. तिने पदर सारखा केला आणि उठून बाहेर गेली. मी पिंजऱ्यातून उतरलो तोवर ती एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली होती.

दत्तू सुटला. निकालपत्रात लिहिलं होतं की या साक्षीदाराने नंतर सुचलेल्या गोष्टी घालून आपली साक्ष वाढवली आहे, सबब ती विश्वासार्ह नाही. न्यायाधीशांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर दोन माणसं होती, एक खेड्यातली बाई आणि एक गणवेशातला हवालदार. दत्तूने गावात पेढे वाटले. माझी बढती झाली.

त्यानंतर चंद्राचं काय झालं ते मला पोलीस पाटलाकडून तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. भावकीने लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलायच्या. ती काही बोलली, भाताला पाणी कुणी तोडलं एवढं जरी बोलली, तरी ऐकणारे हसायचे, "कोर्टानं खोटी ठरवल्याली बाई." बबन घरात तेच वाक्य वापरायला लागला. पाटील हे गंमत म्हणून सांगायचा. मी चहाचा कप तसाच ठेवून उठायचो.

पुढची काही वर्षं मला एक खोड लागली. त्या बाजूने अकस्मात मृत्यूची वर्दी आली की मी आधी मयताचं नाव बघायचो, मग बाकीचं. ते नाव तिचं नसलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाज वाटायची. मी स्वतःला विचारायचो, उद्या खरंच तिचं नाव आलं तर? बबनला धरता येईल, पाणवठ्यावरच्या बायांना विचारता येईल. पण तिला खोटी ठरवणारा पहिला माणूस मी. मला कुठल्या कलमाखाली घालायचं? कायद्यात मी सापडत नव्हतो. माझा हेतू तसा नव्हता, मी तिला एक शब्दही म्हणालो नव्हतो. रायटर म्हणून मी स्वतःला दरवेळी निर्दोष सोडायचो आणि दरवेळी झोप उडायची.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा मी त्या गावी गेलो. मुद्दाम गणवेशात गेलो. जे कोर्टात गणवेशात बोललो ते साध्या कपड्यात परत घेता येणार नाही असं वाटलं. भर सकाळ होती. बबन अंगणात दावं वळत बसला होता. शेजारच्या ओट्यावर दत्तू होता, केस पिकलेला, दुसरी बायको त्याच्यापुढे सूप घेऊन बसलेली. मला बघून आजूबाजूच्या दारांत माणसं आली.

मी बबनला मोठ्याने म्हणालो, "बबनराव, तुमच्या बायकोने मला त्या आंघोळीचं सगळं सांगितलं होतं. मीच लिहिलं नाही. कोर्टात मी खोटं बोललो. ती खरं बोलली."

बबनच्या हातातलं दावं तसंच राहिलं. दत्तू उठून आत गेला. चंद्रा दारात आली. चाळिशीही झाली नव्हती, पण चेहरा पन्नाशीचा होता.

"ह्ये तितं बोलला आसता तर," ती म्हणाली.

"हो."

"आता त्याला सजा हुईल?"

"नाही. एकदा सुटला तो सुटला. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही."

"मंग इंदीला काय मिळालं?"

बबनने आतून लोटी आणली, मला पाणी दिलं, आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "म्या लई बोललो तुला." ती मला म्हणाली, "लिवून द्या. आता बोलला त्ये."

माझ्याकडे डायरी होती. तिच्यातलं पान फाडून मी ओट्यावर बसून लिहिलं. एरवी कुठल्याही कागदावर सरकारी मराठी आपोआप उतरायची, त्या दिवशी मी एक एक शब्द तिला विचारून लिहिला. घंगाळ. ओलं अंग. दिस बुडायच्या आत. त्याखाली, की हे चंद्राने मला चावडीवर सांगितलं आणि मी खोटं बोललो. जन्मभर पंचनाम्यांवर दुसऱ्यांचे अंगठे घेतले, त्या दिवशी खाली माझी सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही.

"आजून हाय," ती म्हणाली. "लिवा. त्यो आंगुळ करत हुता तवा मी कुडाच्या अल्याड हुबी हुते. फटीतनं समदं दिसत हुतं. इंदी माज्या दाराकडं बगत हुती. त्यो माजा थोरला दीर, त्याच्या म्होरं जायाचं न्हाई म्हनून मी भाईर आले न्हाई. मंग दिस बुडायला लई टाईम हुता. तवाबी गेले न्हाई."

बबन खाली बघत होता. मी पेन बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "बाई, हे कशाला? हा काही गुन्हा नव्हे."

"म्या कुटं गुन्हा म्हनतीया?" चंद्रा म्हणाली. "लिवा."